जड संक्रमणी धातूंच्या ऑक्साइडांतील असाधारण चुंबकीय क्रम

चुंबकीय क्रमाची जी कल्पना पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली आहे, ती मुख्यतः मँगॅनीज, लोह, कोबाल्ट व निकेल या धातूंच्या ऑक्साइडांच्या अभ्यासातून घडलेली आहे. १९४९ मध्ये शल व स्मार्ट यांनी मँगॅनीज ऑक्साइडावर न्यूट्रॉन-विवर्तनाचा प्रयोग केला. सुमारे १२० केल्विनच्या खाली या स्फटिकातील एकाआड एक प्रतलांमधील चुंबकीय परिबले परस्परविरुद्ध दिशांना रोखलेली असतात, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले. नेएल याने तत्पूर्वी केवळ तर्काने मांडलेली प्रतिलोहचुंबकत्वाची कल्पना त्यामुळे प्रयोगसिद्ध झाली. तेव्हापासून स्फटिकातील प्रत्येक आयनावर एक बाण काढावयाचा आणि त्या बाणांची मांडणी सांगावयाची, म्हणजे चुंबकीय क्रम सांगितला, अशी पद्धत पडून गेली.

या पद्धतीच्या मुळाशी तीन गृहीतके आहेत. पहिले असे की, आयनाचे परिबल इलेक्ट्रॉनांच्या परिवलनातून अथवा स्पिनमधून येते. स्फटिकातील विद्युत्क्षेत्रामुळे कक्षीय कोनीय संवेग निष्प्रभ झालेला असतो. दुसरे असे की, दोन शेजारी परिबलांमधील परस्परक्रिया केवळ त्यांच्यामधील कोनावर अवलंबून असते. ती परिबले अवकाशात कोणत्या दिशेस आहेत याच्याशी तिला कर्तव्य नसते. तिसरे असे की, क्रम वर्णन करण्यास बाण पुरेसा असतो. इरिडियम, ऑस्मियम, ऱ्हेनियम यांसारख्या जड धातूंच्या ऑक्साइडांत ही तिन्ही गृहीतके एकामागून एक ढासळतात. ती कशी ढासळतात आणि त्यामुळे 'क्रम सिद्ध झाला' असे म्हणण्यास कोणत्या प्रतीचा पुरावा लागतो, याचे विवेचन येथे केले आहे.

युग्मनाचे प्रमाण

इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती फिरत असता त्याच्या दृष्टीने विद्युत्भारित अणुकेंद्रच त्याच्याभोवती फिरत असते. त्यामुळे उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनाच्या परिवलनावर क्रिया करते. हेच परिवलन-कक्षा युग्मन होय. अणुक्रमांकाबरोबर ते झपाट्याने वाढते. तिसऱ्या कवचातील डी-इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत ते इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही शतांशांइतकेच असते. चौथ्या कवचात ०·१ ते ०·२ आणि पाचव्या कवचात ०·३ ते ०·५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ते पोचते. याउलट, कवच जसजसे बाहेरचे तसतशा कक्षा विस्तृत होत जातात. त्यामुळे एकाच आयनावरील दोन इलेक्ट्रॉनांमधील प्रतिसारण घटते आणि शेजारच्या आयनांकडे जाण्याची इलेक्ट्रॉनांची प्रवृत्ती वाढते. एवढाच विचार केला, तर पाचव्या कवचातील धातूंची ऑक्साइडे चांगली संवाहक असावीत आणि त्यांत स्थानबद्ध परिबले मिळू नयेत, असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष किती फसवा आहे हे दोन संयुगांची तुलना केली असता दिसते. दोन स्ट्राँशियम, एक ऱ्होडियम व चार ऑक्सिजन अशा घडणीचे स्ट्राँशियम ऱ्होडेट आणि त्याच घडणीचे स्ट्राँशियम इरिडेट यांची स्फटिकरचना जवळजवळ सारखी आहे. दोहोंतही धातूच्या आयनावर पाच डी-इलेक्ट्रॉन असतात. ऱ्होडियमाच्या कक्षा इरिडियमाच्या मानाने आकुंचित असल्याने निरोधक व्हावयाचा तर ऱ्होडेट व्हावा. परंतु ऱ्होडेट हा धातूप्रमाणे संवाहक आहे. निरोधक ठरतो तो इरिडेट. शिवाय सुमारे २४० केल्विनच्या खाली त्यात प्रतिलोहचुंबकीय क्रमही उत्पन्न होतो.

पहिले गृहीतक : परिबल परिवलनाचे असते

या कोड्याचा उलगडा २००८ मध्ये बी. जे. किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. इरिडियमाचा आयन सहा ऑक्सिजनांच्या अष्टफलकात बसलेला असतो. त्या अष्टफलकाच्या क्षेत्रामुळे पाच डी-कक्षांपैकी तीन खाली आणि दोन पुष्कळ वर जातात. पाचही इलेक्ट्रॉन खालच्या तीन कक्षांत राहतात. या तीन कक्षांचा गट एक परिमाणाच्या कोनीय संवेगासारखा वागतो. भेद इतकाच की त्याचे चिन्ह उलट असते. परिवलनाचे १/२ त्यात मिळविले म्हणजे एकूण परिमाण ३/२ असलेल्या चार अवस्था आणि १/२ असलेल्या दोन अवस्था निष्पन्न होतात. चिन्ह उलट असल्यामुळे चारांचा गट खाली राहतो व दोहोंचा वर जातो. पाचांपैकी चार इलेक्ट्रॉन खालचा गट भरून टाकतात आणि उरलेला एक वरच्या जोडीत राहतो. या जोडीपासून बनणारा ऊर्जापट्ट अरुंद असल्याने इरिडियमातील थोडेसे प्रतिसारणही त्याचे दोन भाग पाडण्यास पुरते व पदार्थ निरोधक होतो. ऱ्होडियमात युग्मन दुबळे असल्याने दोन्ही गटांचे पट्ट एकमेकांत मिसळलेले राहतात व ही विभागणी घडून येत नाही.

ही कल्पना पूर्णतया नवी नव्हती. अशा आयनांच्या चुंबकीय परिबलाचे गणित जपानमध्ये कोतानी यांनी १९४९ मध्येच मांडले होते, आणि इरिडियमाच्या क्लोराइड संयुगांचा सूक्ष्मतरंग वर्णपट ग्रिफिथ्स व ओवेन यांनी १९५४ मध्ये अभ्यासिला होता. परंतु ते विवेचन एकेकट्या आयनाचे होते. तीच अवस्था सबंध स्फटिकाचे विद्युत्गुण व चुंबकीय गुण ठरविते, हे ध्यानात यावयास पुढे अर्धशतक जावे लागले.

या जोडीतील अवस्थेचे स्वरूप लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. तीत तिन्ही कक्षा समप्रमाणात मिसळलेल्या असतात. एका कक्षेत परिवलन वर असेल तर उरलेल्या दोहोंत ते खाली असते. म्हणजे 'या आयनाचे परिवलन वर आहे' या वाक्याला काटेकोर अर्थच उरत नाही. आदर्श स्थितीत आयनाचे परिबल एक बोर मॅग्नेटॉन भरते. त्यापैकी एक तृतीयांश परिवलनाचे आणि दोन तृतीयांश कक्षेचे असते. जे निष्प्रभ समजले जात होते तेच येथे प्रधान आहे. म्हणून या अवस्थेस 'आभासी परिवलन' म्हणतात. ती परिवलनाप्रमाणे दोनच पर्यायांची असते, पण तिच्या अंगी कक्षेचा आकार मुरलेला असतो.

त्याचा परिणाम क्रमावर उमटलेला दिसतो. स्ट्राँशियम इरिडेटमधील अष्टफलके आपल्या उभ्या अक्षाभोवती सुमारे ११ ते १२ अंशांनी, एक डावीकडे तर शेजारचे उजवीकडे, अशी वळलेली असतात. इरिडियमाची परिबलेही जवळजवळ तितक्याच कोनातून वळतात. जणू ती अष्टफलकाला जखडलेली असतात. त्यामुळे प्रत्येक थरात अल्पसे लोहचुंबकीय परिबल शिल्लक राहते. थर एकावर एक रचले जाताना ही परिबले परस्परांस नाहीशी करतात; तथापि सुमारे ०·२ टेस्लाचे क्षेत्र लावले म्हणजे ती सर्व एका दिशेस येतात.

अशा अवस्थेचा पुरावा म्हणून २००९ मध्ये किम व सहकाऱ्यांनी अनुस्पंदी क्ष-किरण प्रकीर्णनाचा प्रयोग पुढे ठेवला. इरिडियम न्यूट्रॉन मोठ्या प्रमाणात शोषून घेते, म्हणून तेथे क्ष-किरण विशेष उपयोगी पडतात. इरिडियमाच्या एल-३ शोषण-सीमेशी चुंबकीय प्रकीर्णन प्रबळ आढळले आणि एल-२ सीमेशी ते जवळजवळ लुप्त झालेले आढळले. आदर्श १/२ अवस्थेसाठी नेमके असेच घडावयास हवे, कारण एल-२ च्या आतील कवचातून या अवस्थेत जाण्यास निवड-नियमांची मनाई आहे. हा पुरावा निर्णायक मानला गेला. परंतु २०१४ मध्ये मोरेत्ती साला व सहकाऱ्यांनी गणिताने असे दाखविले की, परिबले थराच्या प्रतलात पडलेली असली म्हणजे अष्टफलक उभ्या दिशेने कितीही ताणलेले वा दबलेले असले, तरी एल-२ वरील ते प्रकीर्णन शून्यच येते. म्हणजे अवस्था आदर्शापासून दूर असली तरी तेच निरीक्षण मिळाले असते. स्ट्राँशियम इरिडेटविषयीचा मूळ निष्कर्ष यामुळे खोटा ठरला नाही. इतर अनेक प्रयोग त्यास अनुकूल आहेत. पण केवळ एल-२ वरील अभाव हा त्याचा पुरावा म्हणून पुरेसा नाही, हे स्पष्ट झाले.

दुसरे गृहीतक : परस्परक्रियेला दिशा नसते

परिबलात कक्षेचा आकार मुरलेला असेल, तर दोन परिबलांमधील परस्परक्रियाही त्यांना जोडणारा बंध कोणत्या दिशेस आहे यावर अवलंबून राहणार, हे ओघानेच आले. जॅकेली व खालिउल्लिन यांनी २००९ मध्ये या अवलंबनाचे स्वरूप स्पष्ट केले. त्यांच्या विवेचनानुसार सर्व भिस्त दोन अष्टफलके परस्परांस कशी जोडलेली आहेत यावर असते.

अष्टफलके एका कोपऱ्याने जोडलेली असली म्हणजे धातू-ऑक्सिजन-धातू हा कोन सुमारे १८० अंशांचा होतो. तेथे परस्परक्रिया बहुतांशी नेहमीच्याच प्रकारची, म्हणजे केवळ कोनावर अवलंबून असणारी, राहते. स्ट्राँशियम इरिडेटची गणना या प्रकारात होते. म्हणूनच त्याचे चुंबकीय तरंग ताम्र-ऑक्साइडांतील तरंगांसारखे आढळतात. पण अष्टफलके एका कडेने जोडलेली असली म्हणजे हा कोन ९० अंशांचा होतो आणि इलेक्ट्रॉनाला एका धातूकडून दुसऱ्याकडे जाण्यास दोन ऑक्सिजनांवरून दोन मार्ग मिळतात. या दोन मार्गांतील पुंजयामिक व्यतिकरणामुळे नेहमीची परस्परक्रिया लोप पावते. शिल्लक राहतो तो परिबलाचा एकच घटक जोडणारा अंश, आणि हा घटक म्हणजे बंध व दोन ऑक्सिजन ज्या प्रतलात असतात त्यास लंब असलेला घटक.

मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जालकात प्रत्येक धातू-आयनाला तीन शेजारी असतात व तिन्ही बंधांची प्रतले परस्परांस लंब असतात. पहिल्या शेजाऱ्याला क्ष-घटक जुळवून हवा असतो, दुसऱ्याला य-घटक आणि तिसऱ्याला झ-घटक. तिघांचे समाधान एकाच वेळी करणे एका परिबलास अशक्य असते. नेमके हेच प्रतिमान किटाएव्ह यांनी २००६ मध्ये काटेकोर गणिताने सोडविले होते. त्यानुसार अशा जालकात निरपेक्ष शून्य तापमानासही परिबले कोणत्याही क्रमात गोठत नाहीत. 'परिवलन-द्रव' या नावाने ओळखली जाणारी अवस्था निर्माण होते. गणितासाठी कल्पिलेले हे प्रतिमान प्रत्यक्ष ऑक्साइडांत सापडू शकेल, ही जॅकेली व खालिउल्लिन यांच्या विवेचनातील खरी क्रांतिकारक गोष्ट होती.

सोडियम इरिडेट हे त्याचे पहिले उदाहरण म्हणून पुढे आले. सिंग व गेगेनवार्ट यांनी २०१० मध्ये त्याचे गुणधर्म मोजले, तेव्हा सुमारे १५ केल्विनला त्यात प्रतिलोहचुंबकीय क्रम उत्पन्न होतो असे आढळले. अपेक्षित द्रवाऐवजी क्रम मिळाला, ही प्रथमदर्शनी निराशाच होती. पुढे क्ष-किरण व न्यूट्रॉन या दोन्ही साधनांनी या क्रमाचे रूप निश्चित झाले. परिबले नागमोडी साखळ्यांत एका दिशेस रोखलेली असतात आणि शेजारच्या साखळीत ती उलटलेली असतात. केवळ नेहमीची शेजारी-शेजारी परस्परक्रिया असती, तर षट्कोनी जालकात प्रत्येक परिबल आपल्या तिन्ही शेजाऱ्यांच्या उलट दिशेस राहिले असते. नागमोडी रचना पडली नसती. २०१५ मध्ये चुन व सहकाऱ्यांनी क्रमतापमानाच्या वरही शिल्लक राहणारा क्ष-किरणांचा विसरित प्रकाश मोजला. परिबलाच्या निरनिराळ्या घटकांचे सहसंबंध निरनिराळ्या बंधांच्या दिशांशी निगडित असतात, हे त्यावरून सिद्ध झाले. म्हणजे किटाएव्हची परस्परक्रिया तेथे प्रबळ आहे. अष्टफलकांचा किंचित दबलेला आकार, धातू-आयनांमधील सरळ आच्छादन आणि दूरच्या शेजाऱ्यांशी असलेले संबंध यांमुळे उरलेल्या लहान परस्परक्रिया शेवटी क्रम घडवून आणतात.

लिथियम इरिडेटाच्या तिन्ही स्फटिकरूपांत याच परस्परक्रियेची आणखी एक खूण आढळते. तेथे परिबले सर्पिलाकार मांडलेली असतात, आणि शेजारच्या दोन आयनांवरील सर्पिले परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. केवळ कोनावर अवलंबून असणाऱ्या परस्परक्रियेतून असे प्रतिगामी सर्पिल स्थिर होऊ शकत नाही. क्रम नाही अशा संयुगाचा शोध घेत असता २०१८ मध्ये हायड्रोजन व लिथियम यांच्या एका इरिडेटात ०·०५ केल्विनपर्यंतही क्रम आढळला नाही. परंतु त्या स्फटिकात थरांची रचना व हायड्रोजनांची स्थाने अव्यवस्थित असतात. क्रमाचा अभाव परस्परक्रियेमुळे की या अव्यवस्थेमुळे, हा प्रश्न केवळ अभावावरून सुटत नाही.

तिसरे गृहीतक : क्रम बाणांचा असतो

इरिडियमाच्या पाच इलेक्ट्रॉनांऐवजी आयनावर एक वा दोनच इलेक्ट्रॉन असले, म्हणजे स्थिती अधिकच विलक्षण होते. एक इलेक्ट्रॉन असता तो खालच्या ३/२ गटात राहतो. तेथे परिवलनाचे परिबल व कक्षेचे परिबल परस्परविरुद्ध असतात आणि आदर्श स्थितीत बेरीज शून्य येते. बेरियम, सोडियम व ऑस्मियम यांचे दुहेरी पेरोव्हस्काइट सुमारे ७ केल्विनच्या खाली लोहचुंबकासारखे वागते खरे. पण त्याचे परिबल अवघे ०·२ बोर मॅग्नेटॉन असते. चार अवस्थांच्या या गटाला बाणाखेरीज इतरही अंगे असतात. विद्युत्भाराच्या ढगाचा लांबट वा चपटा आकार, म्हणजेच चतुर्ध्रुव, हे त्यांपैकी एक होय. चेन, परेरा व बॅलेंट्स यांनी २०१० मध्ये असे सुचविले की, अशा संयुगांत आधी हे आकार क्रमबद्ध होतील आणि परिबले त्याहून कमी तापमानास. बेरियम, मॅग्नेशियम व ऱ्हेनियम यांच्या ऑक्साइडात तसेच घडते : सुमारे ३३ केल्विनला आकारांचा क्रम व १८ केल्विनला परिबलांचा क्रम.

दोन इलेक्ट्रॉनांचा ऑस्मियम-आयन याही पुढे जातो. त्याच्या मूळ अवस्थेचा एकूण कोनीय संवेग २ असून तीत पाच अवस्था असतात. घन सममितीच्या क्षेत्रात या पाचांचे दोन व तीन असे भाग पडतात, आणि खाली दोनांचा गट राहतो. या दोन अवस्थांतून चुंबकीय द्विध्रुव निर्माणच होऊ शकत नाही. म्हणजे बाण काढावयास जागाच नाही. तथापि त्यांतून चतुर्ध्रुव निर्माण होऊ शकतो आणि एक चुंबकीय अष्टध्रुवही निर्माण होऊ शकतो. घनाच्या आठ कोपऱ्यांकडे चुंबकन आळीपाळीने आतबाहेर वळलेले असावे आणि त्याची एकंदर बेरीज शून्य यावी, असे या अष्टध्रुवाचे चित्र कल्पिता येईल. काळाची दिशा उलटविली असता तो चिन्ह बदलतो. म्हणून द्विध्रुव नसूनही तो खराखुरा चुंबकीय क्रम होय.

बेरियम व ऑस्मियम यांच्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम वा जस्त असलेली तीन दुहेरी पेरोव्हस्काइटे या दृष्टीने महत्त्वाची ठरली आहेत. सुमारे ३० ते ५० केल्विनच्या दरम्यान त्यांच्या विशिष्ट उष्णतेत व चुंबकीय प्रवृत्तीत संक्रमणाची स्पष्ट चिन्हे दिसतात. कॅल्शियमाच्या संयुगात म्यूऑनांना संक्रमणाखाली आंतरिक चुंबकीय क्षेत्र जाणवते. त्यावरून २०१४ मध्ये हा नेहमीचा दीर्घव्याप्त चुंबकीय क्रम असावा असे मानले गेले. परंतु न्यूट्रॉन-विवर्तनात त्या क्रमाची शिखरे मिळत नव्हती. २०२० मध्ये महाराज व सहकाऱ्यांनी हे प्रयोग अधिक काटेकोरपणे केले, तेव्हाही शिखरे आढळली नाहीत, आणि क्ष-किरण विवर्तनात स्फटिक घनच राहिलेला दिसला. पहिल्या निरीक्षणाने द्विध्रुवांचा क्रम बाद होतो; दुसऱ्याने चतुर्ध्रुवांचा, कारण आकारांचा क्रम लागला असता तर स्फटिकाची घन सममिती मोडली असती. म्यूऑनांच्या साक्षीने काल-व्युत्क्रमाची सममिती मात्र मोडलेली आहे. मग उरतो तो अष्टध्रुवच. सर्व ऑस्मियम-आयनांचे अष्टध्रुव एकाच चिन्हाचे असतात, असे परमेकांति, महाराज व गॉलिन यांनी त्याच वर्षी प्रतिपादिले.

हा युक्तिवाद बलवान आहे, पण त्याची जात ओळखली पाहिजे. येथे अष्टध्रुव प्रत्यक्ष दिसलेला नाही; इतर सर्व पर्याय वगळल्यानंतर तो शिल्लक राहिला आहे. न्यूट्रॉनांच्या प्रयोगाने परिबल शून्य आहे असे सिद्ध होत नाही, ते एका लहानशा मर्यादेहून अधिक नाही एवढेच सिद्ध होते. स्फटिकाच्या विकृतीबाबतही तसेच म्हणावे लागते. अष्टध्रुवांचे न्यूट्रॉन-प्रकीर्णन लहान कोनात नाहीसे होते व मोठ्या कोनात अत्यंत क्षीणपणे उमटते, म्हणून त्याचा थेट शोध अवघड आहे.

उपसंहार

या तिन्ही उदाहरणांतून एकच सूत्र निष्पन्न होते. जड धातूंच्या ऑक्साइडांत क्रमाचा घटक आधीपासून दिलेला नसतो. तो शोधून काढावा लागतो. आयनावर किती इलेक्ट्रॉन आहेत यावरून त्या घटकाची जात ठरते. अष्टफलके कोपऱ्याने जोडलेली आहेत की कडेने, यावरून त्यांच्या परस्परक्रियेची दिशा ठरते. आणि जालकाची घडण व अष्टफलकांची विकृती यांवरून अंतिम क्रम ठरतो. ज्या साधनाने हा क्रम पाहावयाचा त्या साधनाला तो घटक दिसू शकतो काय, हा प्रश्न त्यामुळे गौण न राहता प्रथम विचारावयाचा प्रश्न होऊन बसतो. एल-२ सीमेवरील लुप्त प्रकीर्णन, हायड्रोजनयुक्त इरिडेटातील न सापडलेला क्रम आणि ऑस्मियम संयुगांतील न मिळालेली शिखरे ही तिन्ही अभावाची निरीक्षणे आहेत. पहिल्यातून मूळचा निष्कर्ष एकट्याने निघत नाही. दुसऱ्याचा अर्थ अव्यवस्थेमुळे संदिग्ध राहतो. तिसऱ्याला म्यूऑनांच्या व क्ष-किरणांच्या स्वतंत्र साक्षीची जोड मिळाल्यामुळे वजन आले आहे. काही न दिसणे हा पुरावा केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, याचा विवेक या विषयाच्या अभ्यासकास युग्मनाच्या गणिताइतकाच आवश्यक आहे.